अंबाजोगाईचे भगवे मास्तर : पोरांना वर्ग सोडायला सांगणाऱ्या स्वामीजींनीच पुढे कॉलेज उघडलं

अंबाजोगाई : दर वर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यातल्या गावागावांत झेंडावंदन होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत टेबलावर एक फोटो मांडला जातो, हार घातला जातो. फोटोतला माणूस भगव्या कपड्यातला. लेकरांना तो कुठला तरी साधू-महाराज वाटतो. अंबाजोगाईच्या स्वाराती रुग्णालयात आपल्या जिल्ह्यातला जवळपास प्रत्येक जण कधी ना कधी गेलेला असतो. पण 'स्वाराती' म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ, हे विचारल्यावर बरेच जण थांबतात. आणि हे स्वामीजी याच अंबाजोगाईत मास्तर होते, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते.

सध्या बारावी झालेली पोरं घरोघर आहेत. कोणी लातूरला नीटच्या क्लासला, कोणी पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळतो, कोणी पुण्यात खोली करून स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन बसलेला. आईबाप कारखान्यावर कोयता घेऊन गेलेले आणि पोरगा बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला. पुढे काय करायचे, हा प्रश्न त्याला रात्री झोपू देत नाही. स्वामीजींचे सारे आयुष्य याच प्रश्नाभोवती फिरले. आधी त्यांनी स्वतःचा प्रश्न सोडवला, मग दुसऱ्यांच्या लेकरांचा. म्हणून त्यांची गोष्ट नीट सांगायला हवी.

टिळक गेले आणि पोराने ठरवले

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. हा भाग आता कर्नाटकात आहे. घरची परिस्थिती साधारणच. हायस्कूलचे शिक्षण सोलापूरला झाले.

१ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य टिळक गेले. तेव्हा व्यंकटेश सोळा वर्षांचा होता. त्याच वेळी त्याने मनाशी ठरवले की लग्न करायचे नाही, आयुष्य देशाच्या कामाला द्यायचे. सोळाव्या वर्षी पुष्कळ जण पुष्कळ काही ठरवतात आणि विसाव्या वर्षी विसरतात. हा विसरला नाही. गांधीजींची असहकाराची चळवळ सुरू झाली आणि त्याची सरकारी शाळा सुटली.

पण शाळा सुटली म्हणजे शिक्षण सुटले असे झाले नाही. सरकारी शाळा-कॉलेज सोडलेल्या पोरांसाठी त्या काळात राष्ट्रीय शाळा निघाल्या होत्या. पुण्यात १९२१ मध्ये टिळक विद्यापीठ उभे राहिले. तिथून त्याने पदवी घेतली आणि लोकशाही या विषयावर अभ्यास करून वरचे शिक्षणही पुरे केले. इंग्रज सरकारची मोहर नसलेल्या त्या पदवीवर सरकारी नोकरी मिळणार नव्हती. हे माहीत असूनच तो शिकला.

पहिले काम कामगारांचे

शिक्षण झाल्यावर व्यंकटेश कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याकडे काम करू लागला. जोशी म्हणजे देशातल्या कामगार चळवळीचे जुने जाणते नेते, दिल्लीच्या कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडणारे. त्यांच्या हाताखाली कागदपत्रे, पत्रव्यवहार, गिरणी कामगारांचे प्रश्न हे सगळे जवळून बघायला मिळाले. वाट चांगली होती. त्याच वाटेने गेला असता तर मोठा कामगार पुढारी झाला असता.

पण तब्येतीने साथ सोडली आणि मोठ्या शहरातले ते काम थांबले. ठरवलेली वाट मध्येच बंद झाली की माणूस खचतो. भरतीत एका गुणाने राहिलेल्या पोराला हे सांगायला नको. व्यंकटेशने दुसरी वाट धरली, आणि ती मोठ्या शहराकडे जाणारी नव्हती.

हिप्परग्याची शाळा

आजच्या धाराशिव जिल्ह्यात लोहारा तालुक्यात हिप्परगा नावाचे गाव आहे. तिथे १९२१ मध्ये काही ध्येयवेड्या मंडळींनी राष्ट्रीय शाळा काढली होती. १९२९ मध्ये व्यंकटेश खेडगीकर तिथे मुख्याध्यापक म्हणून आले.

त्या वेळी आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात एकूण १६ जिल्हे होते. त्यातले मराठीचे पाच : औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद, परभणी आणि नांदेड. बाकी तेलुगू आणि कानडी मुलूख. राज्य मात्र उर्दूत चाले. वरचे शिक्षण उर्दूत, कचेरीचा कागद उर्दूत. खासगी शाळा काढायची तर परवानगी, सभा घ्यायची तर परवानगी. त्यासाठी गश्ती नावाचे हुकूम निघत. गावातल्या शेतकऱ्याच्या पोराला आपल्या भाषेत धड शिकायला मिळणे अवघड होते.

हिप्परग्याच्या शाळेत पोरं मराठीतून शिकत. खादी वापरत, सूत कातत, व्यायाम करत. मास्तर आणि विद्यार्थी एकमेकांच्या सोबतीने राहत. पगार म्हणाल तर पोटापुरता. अशा शाळेत मास्तर पोराला फक्त तासापुरता बघत नाही. कोण कष्टाळू, कोण बोलण्यात पुढे, कोण गप्प राहून काम उरकतो, हे सोबत राहिल्यावरच कळते. पुढे स्वामीजींनी माणसे निवडली आणि त्यांना कामे दिली, त्याचा पाया या राहण्यात होता. आज समुपदेशनाच्या नावाने जे चालते, ते काम तिथे वेगळी फी न घेता रोज होत होते.

हिप्परग्याला असतानाच व्यंकटेशने संन्यास घेतला. स्वामी रामतीर्थांच्या परंपरेतून दीक्षा घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. रामतीर्थ हे संन्यासी होण्याआधी लाहोरला गणिताचे प्राध्यापक होते, हेही इथे ध्यानात घ्यावे. संन्यास घेतल्यावर माणूस हिमालयात जातो असे आपण धरून चालतो. हे स्वामी दुसऱ्या दिवशीही शाळेतच होते. घर-संसाराची ओढ उरू नये आणि काम मोकळेपणी करता यावे, एवढाच त्या भगव्या कपड्याचा अर्थ होता.

योगेश्वरीच्या गावात

१९३५ च्या सुमारास स्वामीजी काही सहकाऱ्यांसह अंबाजोगाईला आले. तेव्हा सरकारी कागदावर गावाचे नाव मोमिनाबाद होते. मुकुंदराज आणि दासोपंतांचे हे गाव, योगेश्वरी देवीचे ठाणे. इथल्या योगेश्वरी विद्यालयात स्वामीजी शिकवू लागले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे शिक्षक सहकारी त्यांच्या कामात होते. हेच परांजपे पुढे १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत बीडचे खासदार झाले.

अंबाजोगाईला बीड, परळी, केज, धारूर, लातूर अशा साऱ्या बाजूंनी रस्ते येतात. आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं शिकायला इथे येत. वर्गात बसणारी ही पोरं उद्या काय होतील? फार तर निजामाच्या कचेरीत कारकून, नाही तर वडिलांची शेती. तिसरी गोष्ट कोणी डोक्यात घालून दिलेली नव्हती. आपल्या मुलखाचा, आपल्या लोकांचा प्रश्न हेसुद्धा आयुष्याचे काम होऊ शकते, ही ती तिसरी गोष्ट. या शिक्षक मंडळींच्या राहणीमुळे ती पोरांसमोर आली. त्यावर वेगळे भाषण द्यायची गरज नव्हती. शिकलेला, पदवी घेतलेला, मुंबई-दिल्ली बघितलेला माणूस दोन जोडी कपड्यावर आपल्या गावात राहतो, हे पोरं रोज डोळ्यांनी बघत होती.

१९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. मराठी भागातले कार्यकर्ते तिथे एकत्र आले आणि स्वामीजी या कामात ओढले गेले. १९३८ मध्ये त्यांनी शाळा सोडली आणि पूर्ण वेळ चळवळीत उतरले. म्हणजे कामगारांचे काम, मग शाळा, मग चळवळ. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की या माणसाचे एका जागी काही जमत नाही. आतून मात्र धागा एकच होता. सोळाव्या वर्षी जे ठरवले तेच चालू होते, फक्त हातातले काम बदलत होते.

वंदे मातरम् आणि नागपूरचा रस्ता

१९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले.

ते आत असताना बाहेर एक मोठी गोष्ट घडली. ती कॉलेजच्या पोरांनी स्वतः घडवली. नोव्हेंबर महिना होता. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात आणि मग हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात पोरं प्रार्थनेला वंदे मातरम् म्हणत. ते बंद करा, असा हुकूम आला. पोरांनी ऐकले नाही. शेकडो जणांची नावे काढून टाकली गेली.

आता विचार करा. घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन हैदराबादला ठेवलेला पोरगा. संस्थानात दुसरे विद्यापीठ नाही. माफीचा कागद लिहून दिला तर परत घेतात. नाही दिला तर सगळे वर्ष गेले, कदाचित शिक्षणच गेले. गावाकडे बाप वाट बघतोय. अशा वेळी वीस वर्षांच्या पोराने काय करावे?

पुष्कळांनी कागद लिहून दिला नाही. त्यांच्यासाठी दुसऱ्या विद्यापीठांकडे विचारणा झाली आणि नागपूर विद्यापीठाने दार उघडले. तिथले कुलगुरू टी. जे. केदार यांनी या पोरांना प्रवेश दिला. उस्मानियात उर्दूतून शिकलेली ही मुले नागपूरला इंग्रजीतून शिकायला बसली. नवे गाव, नवी भाषा, खिशात पैसे नाहीत. तरी शिकली. त्यांत तेलंगणातला एक पोरगा होता, पी. व्ही. नरसिंह राव. तो पुढे स्वामीजींच्या जवळच्या कार्यकर्त्यांत आला आणि १९९१ मध्ये देशाचा पंतप्रधान झाला.

या प्रकरणातली खरी शिकवण एवढीच की निर्णयाच्या वेळी स्वामीजी जवळ नव्हते. मास्तर शेजारी उभा असताना धीट वागणे सोपे असते. मास्तर नसताना पोरगा कसा वागतो, त्यावर शिकवणीची परीक्षा होते.

ज्याला जे येते ते काम

१९४० मध्ये स्वामीजींनी वैयक्तिक सत्याग्रह केला आणि वर्षाहून अधिक काळ तुरुंगात काढला. १९४२ च्या चळवळीत पुन्हा तुरुंग. आत-बाहेर असे चालूच राहिले. या काळात त्यांच्याभोवती जी तरुण मंडळी जमली, ती एका साच्यातली नव्हती.

गोविंदभाई श्रॉफ यांचेच बघा. कलकत्त्याहून गणितात एम. एस्सी. केलेला हुशार माणूस, औरंगाबादला सरकारी शाळेत शिक्षक. पक्की नोकरी. ती सोडून ते चळवळीत आले. त्यांचे विचार डावीकडे झुकलेले, स्वामीजी भगव्यातले गांधीवादी. तरी स्वामीजींनी त्यांच्यावर मोठी जबाबदारी टाकली. अनंत भालेराव लेखणीचे माणूस. पुढे दैनिक मराठवाडाचे संपादक म्हणून साऱ्या विभागाला माहीत झाले आणि या लढ्याचा इतिहासही त्यांनीच लिहिला. पैठणचे शंकरराव चव्हाण उस्मानियातून वकील झालेले. वकिली बाजूला ठेवून ते लढ्यात उतरले आणि उमरखेडच्या कॅम्पवर काम केले. हेच शंकरराव पुढे पाटबंधारे मंत्री आणि मुख्यमंत्री झाले आणि जायकवाडीच्या पाठीमागे उभे राहिले. गेवराई-माजलगावच्या शेतकऱ्याच्या कालव्याला जे पाणी येते, त्याचा एक धागा असा त्या लढ्याच्या दिवसांपर्यंत जातो.

शिक्षक, संपादक, वकील, राजकारणी. स्वामीजींनी सगळ्यांना भगवे कपडे घालायला लावले नाहीत. संन्यास त्यांचा स्वतःचा होता. बाकीच्यांनी आपापल्या अंगातल्या गुणाप्रमाणे काम धरले.

स्वातंत्र्यानंतर गोविंदभाईंसह काही जवळची माणसे मतभेदामुळे काँग्रेसमधून बाहेर पडली. ज्यांना हाताला धरून आणले, त्यांनीच वेगळा रस्ता धरला. हे दुखणारच. पण ज्या मास्तराने पोरांना स्वतःच्या डोक्याने ठरवायला शिकवले, त्याला कधी तरी त्याची किंमतही मोजावी लागते.

वर्ग सोडा, अशी हाक

१९४७ उजाडले. देश स्वतंत्र होणार होता, निजाम मात्र भारतात यायला तयार नव्हता. स्वामीजी स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष होते. ७ ऑगस्टला भारतात सामील व्हा, असा दिवस पाळला गेला. १५ ऑगस्टला देशभर जल्लोष चालू असताना हैदराबादेत स्वामीजींना अटक झाली. मध्ये सुटका झाली, पण जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा धरले ते थेट संस्थान पडेपर्यंत.

या लढ्यात विद्यार्थ्यांनी शाळा-कॉलेज सोडले, वकिलांनी कोर्ट सोडले. सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले. बाजूच्या भारतीय मुलखात राहून तरुण संस्थानात शिरत आणि निजामाच्या नाक्यांना, करवसुलीला हात घालत. रझाकारांचा जुलूम गावोगाव चालू होता. किती जणांची शिक्षणे तुटली, किती जण परत आलेच नाहीत.

लेकरांना वर्ग सोडायला सांगणे ही हलकी गोष्ट नाही. आजही कोणी पुढारी पोरांना मोर्चाला बोलावतो आणि स्वतःचा मुलगा परदेशात शिकायला ठेवतो, तेव्हा गावात लोक बोलतात. स्वामीजींकडे असे बोट दाखवायला जागा नव्हती. मागे घर नाही, मुलगा नाही, इस्टेट नाही. स्वतःचे शिक्षण त्यांनी सोळाव्या वर्षी पणाला लावले होते. आणि लढ्याचा बराच काळ ते स्वतः तुरुंगात बसलेले होते.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज संस्थानात शिरली. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. स्वामीजी बाहेर आले.

आणि मग कॉलेज

गोष्टीचा खरा मोठा भाग इथून पुढे आहे, पण झेंडावंदनाच्या भाषणात तो बहुतेक वेळा राहून जातो.

लढा संपला. हजारो तरुण रिकामे झाले. बंदूक, कॅम्प, भूमिगत काम यांची सवय लागलेली पोरं. आता त्यांनी काय करायचे? सगळा मराठवाडा शिक्षणात मागे. पदवीचे शिक्षण म्हणजे हैदराबाद नाही तर पुणे-नागपूर. गरिबाच्या पोराला ते परवडण्यासारखे नव्हते.

१९५० मध्ये नांदेडला स्वामीजींच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज सुरू झाले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेचे कॉलेज औरंगाबादला सुरू झाले होते. दोन मोठ्या माणसांना स्वातंत्र्यानंतर या मुलखात पहिली गरज तीच दिसली, ती म्हणजे कॉलेज. पीपल्स कॉलेजात पुढे नरहर कुरुंदकरांसारखे प्राध्यापक झाले, प्राचार्य झाले. वर्गाबाहेर रात्र रात्र पोरांशी बोलत बसणारे शिक्षक अशी त्यांची ओळख. इकडे औरंगाबादला गोविंदभाईंनी सरस्वती भुवन संस्था वाढवली. पक्ष वेगळे झाले होते, काम मात्र एकाच दिशेला चालले होते.

ज्या माणसाने १९४७ मध्ये पोरांना वर्गाबाहेर बोलावले, त्याच माणसाने १९५० मध्ये त्यांच्यासाठी वर्ग उघडला. यात उलटसुलट काही नाही. वेळेला कशाची गरज आहे ते बघायचे आणि आपल्या हातून होईल ते करायचे, हा एकच हिशेब दोन्ही वेळी होता. पावसाआधी नांगरट आणि पावसानंतर पेरणी. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

मंत्रिपद नाही, घर नाही

स्वामीजी १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादमधून लोकसभेवर निवडून गेले. एक मतदारसंघ कानडी, दुसरा मराठी, राहणे तेलुगू-उर्दू हैदराबादेत. संस्थान मोडून भाषेप्रमाणे राज्ये व्हावीत, ही त्यांची भूमिका होती. १९५६ मध्ये तसे झाले आणि मराठवाडा मराठी भाषकांत आला. एवढा मोठा लढा चालवलेल्या माणसाला मंत्रिपद सहज मिळाले असते. त्यांनी ती वाट धरली नाही. पुढे निवडणुकीचे राजकारणही सोडले आणि खादी, शिक्षण अशा कामांत राहिले.

२२ जानेवारी १९७२ ला हैदराबादेत त्यांचे निधन झाले. मागे स्वतःच्या नावावर काही नव्हते. नंतर त्यांच्या नावाने अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय झाले. १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला विद्यापीठ झाले, त्यालाही त्यांचेच नाव दिले गेले.

आजच्या पोरांसाठी यात काय आहे

आज कोणाला निजामाशी लढायचे नाही आणि कोणी कॉलेज सोडावे असेही नाही. उलट जे आईबाप ऊस तोडून फी भरतात, त्यांच्या पोराने वर्गात बसलेच पाहिजे. पण स्वामीजींच्या आयुष्यातून दोन-तीन गोष्टी सरळ समजतात.

एक, ध्येय आणि नोकरी एकच नसते. नोकरी तीनदा बदलली तरी ध्येय तेच राहू शकते. भरती हुकली म्हणजे आयुष्य हुकले असे नाही.

दोन, आपल्याला काय जमते हे खोलीत बसून कळत नाही. काम हातात घेतल्यावर कळते. स्वामीजींना आपण शिक्षक आहोत हे हिप्परग्याला पोरांत राहिल्यावर कळले, मुंबई-दिल्लीत असताना नाही. गावात करण्यासारखे काम आजही पडलेले आहे. ऊसतोडीला गेलेल्यांच्या लेकरांचा अभ्यास घेणे, पाणलोटाचे काम, म्हाताऱ्या माणसांचे दवाखान्याचे कागद. सुट्टीत दोन महिने असे काम केले तरी पोराला स्वतःबद्दल पुष्कळ समजते.

तीन, आणि ही गोष्ट मोठ्यांसाठी आहे. पोराला रस्ता दाखवायचा असेल तर त्याच्या सोबत राहावे लागते. वर्षाकाठी एक मार्गदर्शन शिबिर, स्टेजवर पाहुणा आणि शेवटी फोटो, एवढ्याने ते होत नाही. ज्या शिक्षकाला आपल्या वर्गातल्या कोणत्या पोराचे आईबाप सध्या कारखान्यावर आहेत हे ठाऊक असते, त्याच शिक्षकाचे पोरं ऐकतात.

हिप्परगा बीडपासून फार लांब नाही. अंबाजोगाई तर आपल्या जिल्ह्यातच. कॉलेजच्या सहली लोणावळा-महाबळेश्वरला जातात, तशी एखादी या दोन गावांनाही काढता येईल. खर्च कमी आणि बघण्यासारखे पुष्कळ आहे.